हेक्टरी उताऱ्याचे फसवे गणित

धान्यपिकांच्या उत्पादकतेचे जागतिक तक्ते प्रसिद्ध झाले, की आपल्याकडे एक ठरीव चर्चा सुरू होते. चीनमध्ये भाताचे पीक हेक्टरी सात टन निघते, भारतात ते चार टनांच्या थोडे वर आहे. फ्रान्समध्ये गव्हाचा उतारा हेक्टरी सुमारे सात टन, भारतात साडेतीन. अमेरिकेत मका अकरा टनांच्या घरात, भारतात त्याच्या एक-तृतीयांश. हे आकडे एकाखाली एक मांडले, की निष्कर्ष काढायला वेळ लागत नाही. भारतीय शेतकरी मागासलेला आहे, त्याला शास्त्र ठाऊक नाही, किंवा त्याची कष्ट करण्याची तयारी नाही, असे म्हणून मंडळी मोकळी होतात. आकड्यांबद्दल फारसा वाद नाही. निष्कर्ष मात्र तपासून घेतला पाहिजे. कारण त्याच्यावर सरकारी धोरणे उभी राहतात आणि त्या धोरणांचे बरेवाईट फळ चौदा कोटींहून अधिक शेतजमीनधारकांच्या पदरात पडते.

पहिली अडचण मापाचीच आहे. भारतातील अधिकृत आकडेवारी तांदळात मोजली जाते, तर आंतरराष्ट्रीय तक्ते साळीत. साळ भरडली, की तिच्या साधारण दोन-तृतीयांश तांदूळ हाती येतो. भारताचा पावणेतीन टनांच्या आसपासचा आकडा चीनच्या सात टनांशेजारी ठेवणारा दोन वेगळ्या वस्तूंची तुलना करीत असतो. ही चूक दुरुस्त केली म्हणून अंतर नाहीसे होत नाही. पण अडीच पटींचे वाटणारे अंतर पावणेदोन पटींच्या आत येते.

दुसरी अडचण काळाची. फ्रान्समध्ये ऑक्टोबरात पेरलेला गहू जुलैत काढला जातो. म्हणजे तो सुमारे नऊ महिने शेतात उभा असतो. उत्तर भारतातील गहू नोव्हेंबरात पेरून एप्रिलात खळ्यावर येतो. त्याला साडेचार महिने पुरतात. उताऱ्याला दिवसांनी भागले, तर दोन्हीकडे दर हेक्टरी दर दिवशी पंचवीस-सव्वीस किलो धान्य तयार होते, असे दिसते. युरोपातील हिवाळ्यात पीक जवळजवळ निद्रिस्त असते आणि तेथे वर्षात दुसरे धान्यपीक घेणे बहुधा शक्य नसते, हे खरे. परंतु म्हणूनच एका पिकाचा आकडा वर्षाच्या जमाखर्चाला पुरेसा नाही. पंजाबातील एक हेक्टर बागायत जमीन साळ आणि गहू मिळून वर्षाला दहा टनांहून अधिक धान्य देते. तक्त्यातील गव्हाच्या रकान्यात ही गोष्ट कोठेच उमटत नाही.

ऑस्ट्रेलियाचे कोडे

तक्त्याचा खरा फसवेपणा कळण्यासाठी मात्र ऑस्ट्रेलियाकडे पाहिले पाहिजे. जगातील मोठ्या गहू-निर्यातदार देशांत त्याची गणना होते. तेथील गव्हाचा उतारा साधारण वर्षी हेक्टरी दोन-अडीच टन असतो आणि दुष्काळात त्याच्याही खाली जातो. पाऊस अपुरा, जमीन पुष्कळ ठिकाणी निकस. हेक्टरी उतारा हीच प्रगतीची कसोटी मानली, तर भारतीय शेतकऱ्याने ऑस्ट्रेलियन शेतकऱ्याला केव्हाच मागे टाकले आहे. एवढेच नव्हे, तर गव्हाच्या बाबतीत अमेरिकेचा सरासरी उताराही भारताच्या पुढे नाही. काही वर्षी तो मागेच पडतो. तरीही ऑस्ट्रेलियातील किंवा कॅन्ससमधील गहू पिकवणारा गरीब आहे आणि बिहारमधला श्रीमंत, असे कोणी म्हणणार नाही.

या कोड्याचे उत्तर साध्या गुणाकारात आहे. दोन हजार हेक्टरांवर गहू पेरणारे एखादे ऑस्ट्रेलियन कुटुंब हेक्टरी दोन टन काढून चार हजार टन गहू बाजारात नेते. भारतातील शेतजमिनीचे सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ साली २.२८ हेक्टर होते. २०१५-१६ च्या कृषिगणनेत ते १.०८ हेक्टरांवर आले. एवढ्या जमिनीत दोन्ही हंगाम साधले आणि उतारा पंजाबइतका काढला, तरी कुटुंबाच्या हाती दहा-अकरा टन धान्य येणार. हेक्टरमागे तो शेतकरी ऑस्ट्रेलियनापेक्षा कितीतरी सरस ठरला. माणसामागे त्याची गाठ अशा तफावतीशी आहे, की कोणतेही नवे बियाणे ती भरून काढू शकणार नाही.

येथे उत्पादकतेचे दोन अर्थ वेगळे होतात. एक जमिनीची उत्पादकता, दुसरी माणसाची. देशाचे पोट पहिलीवर भरते; शेतकऱ्याचा संसार दुसरीवर चालतो. आपल्या सार्वजनिक चर्चेत पहिलीचा घोष अखंड चालतो आणि दुसरीचा उल्लेख क्वचित होतो. धान्याची कोठारे भरलेली आणि शेतकरी कर्जात, हे दृश्य पाहून अनेकांना आश्चर्य वाटते. त्या आश्चर्याचे मूळ या विस्मरणात आहे.

जमिनीचा गुण की साधनांचा?

मग हेक्टरी उताऱ्यातील अंतराला काही अर्थच नाही काय? तसे म्हणता येणार नाही. एकाच पिकाचा, सारख्याच हंगामातला उतारा एका देशात दुसऱ्याच्या तिप्पट-चौपट असतो, तेव्हा त्याला कारणे असतातच. ती माती, हवामान किंवा लोकस्वभाव यांत शोधण्याचा मोह पुष्कळांना होतो. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे चाललेला एक प्रयोग या मोहावर चांगला उतारा आहे. लॉझ आणि गिल्बर्ट या दोघांनी १८४३ साली ब्रॉडबॉक नावाच्या शेतात गव्हाचे तुकडे आखले. तो प्रयोग आजही चालू आहे. त्यातील एका तुकड्याला तेव्हापासून कोणतेच खत दिलेले नाही. माती इंग्लंडची, पाऊस इंग्लंडचा, देखरेख जगातील नामांकित शास्त्रज्ञांची. तरी त्या तुकड्याचा उतारा हेक्टरी टनभराच्या आसपासच राहिला आहे. त्याच शेतात आधुनिक वाण, भरपूर खत, रोगांपासून संरक्षण आणि पिकांची फेरपालट यांची जोड मिळाली, की अनुकूल वर्षी नऊ टनांच्या पुढे गहू निघतो. टनभर उतारा म्हणजे आफ्रिकेतील कोरडवाहू शेतीचे दारिद्र्य आणि नऊ टन म्हणजे युरोपची समृद्धी, अशी वाटणी आपण नकाशावर करतो. ब्रॉडबॉकमध्ये ती एकाच बांधाच्या दोन बाजूंना दिसते.

इतिहासही हेच सांगतो. अमेरिकेतील मक्याचा सरासरी उतारा १८६० च्या दशकापासून १९३० च्या दशकापर्यंत जवळजवळ जागचा हलला नव्हता. तो एकरी सव्वीस बुशेल, म्हणजे हेक्टरी दीड टनाच्या थोडा वर होता. सुपीक मैदाने, ट्रॅक्टर, आगगाड्या, कृषी महाविद्यालये हे सगळे असूनही सत्तर वर्षे उतारा तेथेच थांबला. नंतर संकरित बियाणे आले, मागोमाग स्वस्त नत्रखत आले, आणि तोच आकडा आज सातपट झाला आहे. इंग्लंडचा गहूही १९४० च्या दशकात अडीच टनांच्या आसपासच होता. आज ज्याला आपण प्रगत देशांचा स्वाभाविक उतारा समजतो, तो फार तर दोन-तीन पिढ्यांपूर्वीचा आहे.

शेतकऱ्याच्या आळसाचा मुद्दा तर अर्थशास्त्राने साठ वर्षांपूर्वीच निकालात काढला. थिओडोर शुल्झ यांनी १९६४ साली पारंपरिक शेतीवरील आपल्या ग्रंथात असे दाखवले, की गरीब देशांतील शेतकरी हाताशी असलेल्या साधनांचा वापर काटेकोरपणे करतो. त्याच्या व्यवहारात उधळपट्टी नसते. त्याची साधनेच अशी असतात, की त्यांतून अधिक काही निघत नाही. त्याला नवे बियाणे, खत, पाणी आणि ते वापरण्याचे ज्ञान परवडेल अशा भावात मिळाले, तर तो आपली पद्धत बदलतो. भारताने याचा अनुभव लगेचच घेतला. १९६६ साली मेक्सिकोहून अठरा हजार टन गव्हाचे बियाणे आले. १९६४-६५ साली सव्वा कोटी टनांच्या आसपास असलेले गव्हाचे उत्पादन १९७१-७२ पर्यंत दुपटीच्या वर गेले. पंजाब-हरयाणातील जो शेतकरी 'परंपराग्रस्त' म्हणून ओळखला जात होता, त्याने सात वर्षांत शेतीचे रूप पालटले. त्या बुटक्या गव्हाचे मूळ 'नोरिन १०' या जपानी वाणात होते. युद्धानंतर तो अमेरिकेत गेला, तेथून बोरलॉग यांच्या हाती मेक्सिकोत आला आणि मग भारतात. ज्ञानाला देशाची सीमा नसते, हे खरे. पण ते शेतापर्यंत पोचवायला कालवा, खत, पतपुरवठा आणि हमीची किंमत लागते. पंजाबात हे सर्व होते, म्हणून तेथे क्रांती झाली. पूर्व भारतात ते नव्हते, म्हणून तिला कित्येक वर्षे विलंब लागला.

सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेतील धान्याचा उतारा आजही हेक्टरी दीड टनाच्या आसपास घुटमळतो, याचेही कारण यात आहे. तेथे खताचा वापर हेक्टरी वीसेक किलो, भारतात सव्वाशे किलोंहून अधिक. तेथील लागवडीखालील जमिनीपैकी सिंचनाची जेमतेम पाच टक्के. बंदरापासून शेकडो मैल आत असलेल्या गावात खताचे पोते पोचेपर्यंत वाहतुकीनेच त्याची किंमत कितीतरी वाढते. आफ्रिकी राष्ट्रांनी २००६ साली अबुजा येथे खताचा वापर हेक्टरी पन्नास किलोंवर नेण्याचा संकल्प केला होता. तो अजून पुरा झालेला नाही. याउलट इथिओपियाने रस्ते, खत, बियाणे आणि खेडोपाडी कृषी-मार्गदर्शक यांवर सातत्याने खर्च केला आणि दोन दशकांत धान्याचा उतारा दुपटीवर नेला. तेथील माती तीच होती आणि माणसेही तीच.

दोन मार्ग आणि एक पळवाट

युजिरो हायामी आणि व्हर्नन रटन या अर्थशास्त्रज्ञांनी १९७१ साली देशोदेशींच्या शेतीची तुलना करून एक उपयुक्त भेद केला होता. जेथे जमीन थोडी आणि माणसे फार, त्या जपानने जमिनीचा कस वाढवणारे तंत्र शोधले: खताला प्रतिसाद देणारे वाण, नेमके पाणी, बारकाईची मशागत. जेथे जमीन अफाट आणि माणसे थोडी, त्या अमेरिकेने माणसाचे हात वाचवणारी यंत्रे आधी शोधली. हेक्टरी उताऱ्याकडे ती फार उशिरा वळली. प्रत्येक देश आपल्याकडे जे दुर्मिळ, त्याची बचत करायला शिकला. त्यामुळे भारताने जपानच्या मार्गाने जावे, हे योग्यच होते आणि तो गेलाही.

मात्र जपानच्या कथेचा दुसरा भाग आपण विसरतो. जपानी शेतकरी केवळ साळीच्या उताऱ्याने सुखी झाला नाही. शेतीतील मुले कारखान्यांत आणि शहरांत गेली, आणि मागे राहिलेल्यांतही पुष्कळांचा चरितार्थ शेतीबाहेरच्या नोकरीवर चालू लागला. चीनने हाच क्रम आपल्या डोळ्यांसमोर पुरा केला. १९७८ नंतर तेथे सामुदायिक शेतीऐवजी कुटुंबाकडे जमीन कसण्याची जबाबदारी आली. युआन लाँगपिंग यांच्या संशोधनातून निघालेली संकरित साळ पसरली. पाणी आणि खत आले. धान्योत्पादन १९७८ मधील साडेतीस कोटी टनांवरून १९८४ पर्यंत चाळीस कोटींच्या पुढे गेले. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की १९७८ साली चीनमधील सत्तर टक्के कामकरी शेतीत होते. आज ते प्रमाण एक-चतुर्थांशाच्या खाली आहे. उतारा वाढला आणि तो वाटून घेणारी तोंडे कमी झाली.

भारतात यातील पहिली गोष्ट झाली, दुसरी अडली. १९५०-५१ साली हेक्टरी ६६३ किलो असलेला गव्हाचा उतारा पाचपटीहून अधिक झाला. या यशाला कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु २०२३-२४ च्या श्रमशक्ती-पाहणीनुसार देशातील ४६ टक्के कामकरी अजून शेतीवर अवलंबून आहेत आणि राष्ट्रीय उत्पन्नात शेतीचा वाटा अठरा टक्क्यांच्या आसपास आहे. २०१८-१९ मध्ये हे कामकऱ्यांचे प्रमाण साडेबेचाळीस टक्क्यांवर उतरले होते. साथीच्या काळात शहरातून परतलेल्या माणसांना शेतीने सामावून घेतले आणि ते पुन्हा चढले. शेती हा अशा वेळी धंदा राहत नाही, तो आसरा होतो. शुल्झ यांच्याबरोबर १९७९ चे नोबेल पारितोषिक ज्यांना विभागून मिळाले, त्या आर्थर लुईस यांनी १९५४ सालीच सांगितले होते, की शेतीतील जादा माणसे अन्य उद्योगांत गेल्याखेरीज गरीब देशाची अर्थव्यवस्था बदलत नाही. शेतकरी हुशार आहे, हे शुल्झ यांचे म्हणणे आणि त्या शेतात माणसे फार आहेत, हे लुईस यांचे म्हणणे, ही दोन्ही एकाच वेळी खरी आहेत.

हे अवघड काम टाळण्यासाठी एक पळवाट नेहमी उपलब्ध असते: जमिनीतून आणखी पीक काढा. तिची किंमत आता दिसू लागली आहे. फ्रान्समधील गव्हाचा उतारा १९९० च्या दशकाच्या मध्यापासून जवळजवळ थबकला आहे. चीनला २०१५ साली खताचा वापर आणखी वाढू न देण्याचे धोरण जाहीर करावे लागले. पंजाबात भूजलाचे वर्षाला जेवढे पुनर्भरण होते, त्याच्या दीडपटीहून अधिक पाणी उपसले जाते. उताऱ्याच्या तक्त्यात पंजाब पहिला येतो. तक्त्याला खालावत जाणाऱ्या पाण्याचा रकाना नाही. दुसऱ्या टोकाला श्रीलंकेने २०२१ साली रासायनिक खतांवर एकाएकी बंदी घातली. तांदळाचे उत्पादन घसरले, धान्य आयात करण्याची पाळी आली आणि काही महिन्यांतच बंदी मागे घ्यावी लागली. खत हे विष नव्हे आणि अमृतही नव्हे. ते किती, केव्हा आणि कोणत्या पिकाला द्यायचे, हे ठरवणारे ज्ञान ही खरी दुर्मिळ वस्तू आहे. तरीही भारत कृषी-संशोधनावर शेती-उत्पन्नाचा एक टक्काही खर्च करीत नाही, आणि खताच्या अनुदानावर त्याच्या कितीतरी पट करतो.

तक्त्याबाहेरची ज्वारी

महाराष्ट्राला हा विचार अधिकच लागू आहे. राज्यातील पिकाखालच्या जमिनीपैकी सुमारे चार-पंचमांश जमीन पावसाच्या भरवशावर आहे. सोलापूर, नगर, बीड या पट्ट्यात रब्बीची ज्वारी सरत्या पावसाच्या ओलीवर वाढते. तिचा उतारा हेक्टरी टनभरही नसतो, म्हणून ती तक्त्यात तळाला जाते. परंतु त्या ज्वारीला पाटाचे पाणी लागत नाही. तिचा कडबा उन्हाळाभर जनावरे जगवतो आणि धान्याच्या तक्त्यात त्या कडब्याची किंमत शून्य धरली जाते. १९३० च्या दशकात मोहोळला निवडलेली मालदांडी नव्या सुधारित वाणांपुढेही शेतकऱ्याने सोडली नाही, ती भाकरीच्या चवीसाठी आणि कडब्यासाठी. हा त्याचा अडाणीपणा नव्हे, हिशेब आहे. त्याच्या शेजारी थोड्या क्षेत्रातला ऊस सिंचनाच्या पाण्याचा मोठा वाटा पिऊन टाकतो. पाण्याच्या दर घनमीटरमागे किती उत्पादन निघाले, असा रकाना तक्त्यात घातला, तर पहिल्या आणि शेवटच्या क्रमांकांची उलथापालथ होईल.

यावरून धोरणाची दिशा स्पष्ट होते. पूर्व भारतात आणि कोरडवाहू प्रदेशांत हेक्टरी उतारा वाढवायला अजून बराच वाव आहे; तेथे पाणी, संशोधन, रस्ते आणि खरेदीची व्यवस्था गेली पाहिजे. पंजाबात उतारा वाढवण्यापेक्षा पाण्याची बचत करणारी पिके परवडतील अशी भावव्यवस्था हवी. ज्वारी-बाजरीवरील संशोधनाला गहू-तांदळाइतकी प्रतिष्ठा हवी. आणि या सर्वांबरोबर खेड्यांतील तरुणांसाठी शेतीबाहेर कायमस्वरूपी रोजगार हवा. त्यावाचून वाढलेला उतारा वाढत्या वाटण्यांतच विरून जाईल. कृषी खात्याने वर्षअखेरीस हेक्टरी उत्पादनाबरोबर दर माणशी उत्पन्न आणि दर घनमीटर पाण्यामागचे पीक, हे दोन आकडेही जिल्हावार प्रसिद्ध करावेत. त्याला फार खर्च येणार नाही. परदेशांच्या उताऱ्याशी आपल्या उताऱ्याची तुलना करणाऱ्यांना आपला शेतकरी कोठे कमी पडतो आणि त्याला दिलेली साधने कोठे कमी पडतात, हे निदान त्यावरून वेगळे करून पाहता येईल.